चाकातील हवा : थंड आकडा आणि तापलेला आकडा

मोटारीच्या चाकात हवा किती असावी, हा प्रश्न वरवर पाहता व्याख्यानाचा विषय वाटत नाही. पेट्रोल पंपावरचा हवा भरणारा मुलगा विचारतो, “किती टाकू?” आपण म्हणतो, “टाक पस्तीस,” आणि पुढच्या कामाला लागतो. परंतु या दोन शब्दांच्या उत्तरात पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडा दडलेला आहे, आणि तो धडा न समजल्यामुळे माणसे जिवास मुकतात, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

बुलढाणेकरांना हा प्रश्न अलीकडे अधिक जवळचा झाला आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातील मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा, ५ जून २०२५ रोजी. मोटारींना त्यावर ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. पूर्वी चिखली, देऊळगाव राजा करीत जालन्याला जाताना गावे लागत, बाजार लागे, मेंढरे आडवी येत, चहासाठी थांबणे होई; चाकांना आपोआप विसावा मिळे. आता तीच मोटार, तेच टायर, परंतु तासन् तास एकाच वेगाने, वैशाखाच्या उन्हात. शर्यतीच्या वाटेशी आपल्या घरच्या गाडीचे एवढे साम्य यापूर्वी कधीच नव्हते.

या संबंधात दोन समजुती सर्रास ऐकू येतात. पहिली अशी, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही. दुसरी अशी, की शर्यतीत गाड्या पळवणारे लोकसुद्धा हवा कमीच करतात, तेव्हा पहिली समजूत खरीच असली पाहिजे. यांतील पहिली समजूत साफ चुकीची आहे. दुसऱ्यातील गोष्ट खरी आहे, पण अर्धी. आणि अर्धे सत्य पुष्कळदा असत्याहून अधिक घात करते. हा उलगडा कसा होतो ते आता पाहू.

धाव आणि हवा

आपल्या जुन्या बैलगाडीचे चाक आठवा. लोहार लोखंडी धाव तापवून फुगवी, ती लाकडी चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. धाव आकसून चाकाला घट्ट आवळून बसे. तेथे भार पेलण्याचे काम लाकडाचे आणि लोखंडाचे होते. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले, आणि १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस ते बोर्दो व परत अशा शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरवली. वाटेत त्यांना पंक्चरांनी बेजार केले. परंतु चाकाचा भार धातूऐवजी हवेवर सोपवता येतो, हे सिद्ध झाले.

हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावयास हवा. गाडी रबरावर उभी नसते, ती कोंडलेल्या हवेवर उभी असते. रबर आणि आतील धागे ही त्या हवेची पिशवी. साधा हिशेब करू. माणसांसह १२०० किलो वजनाची मोटार धरली तर एका चाकावर सुमारे ३०० किलो भार येतो. टायरात ३३ पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब आहे. ३०० किलो पेलण्यासाठी मग जमिनीला सुमारे १३० चौरस सेंटिमीटर टायर टेकला पाहिजे. टायरच्या बाजूंचा ताठरपणा थोडा भार उचलतो, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण अर्थ स्पष्ट आहे. चारही चाके मिळून एका फुलस्केप कागदाहूनही कमी जागेवर आपले कुटुंब १२० च्या वेगाने धावत असते. ब्रेक लावणे, वळणे, पावसात न घसरणे, हे सारे त्या चार तळहातांएवढ्या जागेतून व्हावयाचे असते.

हवा कमी झाली की ही जागा वाढते, टायर बसतो, त्याच्या कडा जमिनीवर घासतात आणि बाजू फुगून वाकतात. हवा जास्त झाली की जागा आक्रसते, टायर मधोमध उचलला जातो, गाडी दगडासारखी उसळते आणि पकड घटते. योग्य दाब या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतो. तो कोठे आहे, हे शोधणे हाच आपला प्रश्न.

उष्णता येते कोठून?

लोखंडी तार हातात धरून पुन्हा पुन्हा वाकवली तर वाकण्याच्या जागी ती चटका बसण्याइतकी तापते. रबराचेही तसेच आहे. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो दबतो, वाकतो, आणि पुढे जाताच पुन्हा पूर्ववत होतो. परंतु वाकवताना दिलेली सर्व शक्ती रबर परत करीत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने आतच राहतो.

मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर धरा. ताशी १२० च्या वेगाला ते चाक सेकंदाला सतरा-अठरा फेरे घेते, तासाला सुमारे ६३ हजार. नागपूरहून मुंबईला पोहोचेपर्यंत टायरचा प्रत्येक भाग साडेतीन लाखांहून अधिक वेळा वाकतो आणि सरळ होतो. प्रत्येक वाकण्याबरोबर थोडी उष्णता जमा होते आणि वाऱ्यामुळे थोडी निघून जाते. अर्ध्या तासाच्या सुमारास जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो आणि तापमान स्थिरावते. मेळ बसला तर टायर हजारो किलोमीटर बिनतक्रार चालतो.

आता हवा कमी असेल तर काय होईल? टायर अधिक वाकेल, अधिक तापेल. वेग वाढला तर दर मिनिटाला अधिक वेळा वाकेल. गाडीत पाच जणांऐवजी सात जण, वर लग्नाचे सामान, म्हणजे वाकणे आणखी वाढले. वर ४३-४४ अंशांचे ऊन, म्हणजे वारा उष्णता नेणार तरी किती! जमाखर्च बिघडतो आणि तापमान चढतच राहते. फार वेगात तर हवा कमी असलेला टायर पूर्ववत होण्याआधीच पुढचा फेरा येतो, आणि त्याच्या अंगावर पाण्याच्या लाटेसारखी स्थिर वळी उमटते. मग उष्णता झपाट्याने वाढते, रबर आणि धागे यांची जोड सुटते, आणि टायर चिंधड्या होऊन उडतो. लोक म्हणतात, “हवा जास्त झाली म्हणून फुटला.” चांगल्या टायराला आतील हवेच्या वाढलेल्या दाबाने फोडणे फार कठीण; त्याला फोडते ती बहुधा कमी हवेतून उपजलेली उष्णता. उन्हाळ्यात हवा कमी ठेवणारा माणूस ज्या संकटाला टाळू पाहतो, त्यालाच आमंत्रण देत असतो.

आकड्यांचा हिशेब

बंद जागेतील वायू तापला की त्याचा दाब त्याच प्रमाणात वाढतो, हा गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. मात्र प्रमाण लावताना दोन पथ्ये पाळावी लागतात. तापमान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून, मोजावयाचे. आणि दाबात वातावरणाचा दाब मिळवावयाचा, कारण गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढेच दाखवतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरच्या बुलढाणा शहरात तो एका पौंडाने कमी. म्हणून मुंबईत भरलेले टायर, तापमान तेच असले तर, येथे पौंडभर जास्त दाखवतील. पुढील हिशेबाला समुद्रसपाटीचाच आकडा घेऊ.

पहाटे ३० अंशांवर टायरात ३३ पौंड भरले. खरा दाब झाला ४७.७. आतील हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर खरा दाब ५२.४ आणि गेजवर सुमारे ३७.७. म्हणजे थेंबभरही हवा न भरता पावणेपाच पौंड वाढले. सहा अंशांमागे सुमारे एक पौंड, हे प्रमाण पाठ करून ठेवण्यासारखे आहे. उलट बाजूही पाहा. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांवर ३३ भरून डिसेंबरपर्यंत विसरून गेलात, तर १२ अंशांच्या पहाटे तेथे साडेअठ्ठावीसच उरतील. आणि सहा महिन्यांत झिरपून गेलेली हवा वेगळीच.

म्हणून टायरला एक आकडा नसतो, दोन असतात : थंड आकडा आणि तापलेला आकडा. गाडीच्या कारखान्याने चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर जो आकडा दिलेला असतो तो थंड आकडा. दाब तापल्यावर वाढणार, हे गृहीत धरूनच तो ठरवलेला असतो. पुष्कळ गाड्यांच्या पट्टीवर दोन ओळी असतात, थोड्या भाराची आणि भरल्या गाडीची. दुसरी ओळ वाचण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. टायरच्या अंगावर कोरलेला मोठा आकडा मात्र त्या टायरच्या दाबाची कमाल मर्यादा असते. ती आपल्या गाडीसाठी केलेली शिफारस नव्हे.

नायट्रोजनविषयीही येथेच सांगून टाकतो. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोहोंचा दाब जवळजवळ सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढा त्याचा गुण. परंतु नायट्रोजन भरला म्हणून गेज लावण्याचे कष्ट वाचत नाहीत.

शर्यतीच्या वाटेवरील रीत

आता ज्यांचे उदाहरण दिले जाते त्या हौशी शर्यतवाल्यांकडे वळू. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै, कोइम्बतूर येथील कारी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडा येथे २०११ साली सुरू झालेले बुद्ध सर्किट, ही आपल्या देशातील शर्यतीची वर्तुळे. अशा ठिकाणी काही दिवशी सामान्य गाडीमालकालाही पैसे भरून स्वतःची मोटार पळवता येते. त्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. येथे पंधरा-वीस मिनिटे गाडी जिवाच्या आकांताने वळवावयाची, ब्रेकवर उभे राहावयाचे, आणि मग विसावा घ्यावयाचा. अशा वापरात टायरातील हवा ८०-९० अंशांपर्यंतही तापते.

तेथील जाणता माणूस काय करतो? तो सकाळी, चाके सावलीत आणि थंड असताना, पट्टीवरील आकडा भरतो आणि वहीत लिहितो. हवेचे तापमानही लिहितो. तीन-चार फेरे मारून आत येतो आणि गाडी थांबताच, टायर निवण्यापूर्वी, चारही चाकांचा दाब मोजतो. मग टायरच्या कडेला आधी ओढलेली खडूची रेघ पाहतो. रेघ फार खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर कडेवर कलंडत आहे, म्हणजे हवा कमी. मुळीच पुसली नसेल तर कडा कामालाच लागलेली नाही, म्हणजे हवा जास्त. ज्याच्याजवळ सुईचे तापमापक असते तो रबराचे तापमान आतील कडेला, मधोमध आणि बाहेरील कडेला घेतो. दोन्ही कडांच्या सरासरीपेक्षा मध्य अधिक तापला असेल तर हवा जास्त. कमी तापला असेल तर हवा कमी. वर्तुळात उजवी वळणे अधिक असतील तर डाव्या बाजूची चाके जास्त भार घेतात आणि जास्त तापतात, म्हणून थंड आकडे दोन्ही बाजूंना निरनिराळे ठेवावे लागतात.

समजा, ३० अंशांवर ३३ भरलेले चाक ४२ वर गेले, आणि खडूची रेघ व तापमापक सांगतात की या टायराला ३६ हवेत. तो सहा पौंड सोडतो. येथपर्यंतची हकीकत आपल्या गावी पोहोचते : “शर्यतवाले हवा कमी करतात.” पुढची पोहोचत नाही. संध्याकाळी तोच टायर ३० अंशांवर निवला की त्यात किती उरतील? हिशेबाने २८. म्हणून तो घरी निघण्यापूर्वी पुन्हा पट्टीचा आकडा भरतो. जो हे विसरतो तो पाच पौंड कमी हवेवर महामार्गाला लागतो, तेही दिवसभर घासून निघालेल्या टायरांवर.

भेद येथे आहे. शर्यतवाला वीस मिनिटांसाठी पकड शोधतो, दर खेपेला मोजतो, आणि त्याच्या आसपास दवाखान्याची गाडी उभी असते. आपल्याला चार-पाच तासांसाठी सुरक्षितता हवी असते, आणि आपण मोजत नाही. त्याचे हवा सोडणे उचलावयाचे नाही. त्याची वही उचलावयाची.

तीच रीत महामार्गावर

ही वही घरच्या गाडीसाठी कशी लिहावी? दोनतीनशे रुपयांचा साधा गेज विकत घ्या. तोच गेज नेहमी वापरा, म्हणजे त्याच्यात पौंडभराची चूक असली तरी तुलना बिघडत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे दाब पहाटे, घरच्या अंगणातच मोजा. बुलढाण्याहून निघून मेहकरच्या किंवा सिंदखेडराजाच्या प्रवेशद्वारापर्यंत पोहोचलात की टायर तापलेले असतात. तेथे ३३ दिसले तर समाधान मानू नका, कारण तो थंड ३३ नव्हे. गाडी भरून निघणार असाल तर पट्टीवरील भरल्या गाडीचा आकडा ठेवा. स्टेपनी विसरू नका.

नंतर तासाभराने थांब्यावर उतरताच पुन्हा मोजा. पट्टीप्रमाणे हवा असेल तर दाब साधारण चार ते सहा पौंड वाढलेला दिसतो. ही वाढ म्हणजे टायरच्या आत ठेवलेले तापमापकच होय. सात-आठ पौंडांहून अधिक वाढ दिसली तर त्याचा अर्थ टायर फार तापला, म्हणजे फार वाकला. म्हणजे थंड असताना हवा भारामानाने कमी होती. सामान्य माणसाचा हात येथे हवा सोडण्याकडे जातो, आणि तेथेच तो फसतो. या वेळी वेग कमी करावा, ओझे कमी करावे, टायर निवू द्यावा, आणि पुढच्या पहाटे दोन पौंड अधिक भरून पुन्हा पाहावे. मात्र टायरवर कोरलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. हवा भरल्यावर तापणे कमी होते, हे वहीतील दुसरी ओळ आपणच सांगेल. तापलेल्या टायरची हवा सोडू नये, हा नियम मात्र निरपवाद पाळावा. तीन चाके पाच पौंडांनी वाढली आणि चौथे दहाने, तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहिला असावा, असे समजून तपासणी करावी.

हवेइतकेच टायरचे वयही पाहावे. बाजूवरील शेवटचे चार अंक जन्मतारीख सांगतात : ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला असे समजावे. गोटा टायर पावसात पाणी बाहेर फेकू शकत नाही, आणि मग कोणताही दाब त्याला वाचवू शकत नाही.

दोष कोणाचा?

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी प्रवासी बस सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले, आणि सकाळपर्यंत तेच सर्वतोमुखी झाले. परिवहन खात्याच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. हे उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण ते दुहेरी सावध करते. ‘टायर फुटला’ हे आपल्याकडे ‘दैवात होते’ याचेच दुसरे नाव झाले आहे. टायर खरोखर फुटतात, आणि म्हणूनच परिवहन खात्याने २०२३ साली या मार्गावर झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडवण्यास सुरुवात केली. परंतु झोप, वेग आणि बेफिकिरी यांचेही खापर टायरच्या माथी फोडून आपण मोकळे होतो. काँक्रीटचा रस्ताच टायर फोडतो असेही म्हटले जाते. फिकट काँक्रीट उन्हात काळ्या डांबराइतके तापत नाही. सुस्थितीतील, योग्य दाबाचा टायर त्यावर सुखाने धावतो.

थोड्या पौंडांचे प्रकरण केवढे वाढू शकते, हे अमेरिकेत दिसून आले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला पासष्ट लाख टायर परत मागवावे लागले. फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीवरील या टायरांची वरची थर सुटून गाड्या उलटत होत्या, आणि सरकारी नोंदीत २७१ मृत्यू चढले. दोष टायरच्या घडणीचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या. त्या वादातील एक मुद्दा असा, की गाडी बनवणाराने शिफारस केलेला दाब २६ पौंड होता आणि टायर बनवणाराच्या मते तो ३० हवा होता. चार पौंडांचे अंतर! याच प्रकरणानंतर तेथे नवा कायदा झाला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. आपल्याकडेही अनेक नव्या गाड्यांत ती असते. परंतु तो दिवा हवा बरीच उतरल्यावर लागतो; योग्य दाब कोणता, हे तो सांगत नाही.

ते आपले आपणच शोधावयाचे असते, आणि त्याला फारसे काही लागत नाही. पहाटेची पाच मिनिटे, एक गेज आणि चार आण्यांच्या शिस्तीने लिहिलेली एक वही. शेतकरी ज्या निगुतीने पेरणीपूर्वी तिफणीचे फण पाहतो, त्याच निगुतीने गाडीमालकाने चाके पाहावीत. पट्टीचा आकडा थंड चाकात भरावा, भार वाढला तर वाढवावा, तापल्यावर मोजावा पण सोडू नये. चार तळहातांएवढ्या जागेवर ज्यांना बसवून आपण निघतो ती आपलीच माणसे असतात, म्हणून एवढे कष्ट अवश्य घ्यावेत.